मोलोकाईचा हट्टी सुतार

संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी येतो. फादर डेमियन यांचा तसा येत नाही. ते वारले १५ एप्रिल १८८९ रोजी, पण ख्रिस्तसभा त्यांची आठवण करते ती १० मे रोजी. १८७३ साली याच दिवशी ते मोलोकाई बेटावरच्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत उतरले होते. वसईतल्या एका धर्मग्रामात या सणाच्या निमित्ताने तरुण मुलांपुढे बोलायचं काम एका निवृत्त परिचारिकेकडे आलं. नोकरीची बहुतेक वर्षं तिने मुंबईत कुष्ठरुग्णांच्या वॉर्डात काढली आहेत. तिने भाषण लिहून काढलं आणि भाचीला वाचायला दिलं. भाची वकिलीची पदवी घेऊन सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यांचा अभ्यास करते. तिने पहिल्याच पानावरची एक ओळ पेन्सिलीने खोडली, आणि तिथून वाद सुरू झाला.

खोडलेल्या ओळीचा आशय असा होता: जिथे माणुसकीचा मागमूस नव्हता तिथे डेमियन माणुसकी घेऊन गेले.

"मावशी, हे तू काढून टाक," भाची म्हणाली. "डेमियन जायच्या सात वर्षं आधीपासून तिथे माणसं राहत होती. ती काय जनावरासारखी राहत होती?"

"चरित्रांत तसंच लिहिलंय, बाळ. दारू, मारामाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्यांना कुणी पाणीसुद्धा देत नव्हतं."

"ही चरित्रं कुणी लिहिली ते बघ ना. रुग्णांच्या पहिल्या तुकडीत बाराजण होते, नऊ पुरुष आणि तीन बायका. ६ जानेवारी १८६६ ला त्यांना बोटीतून किनाऱ्यावर सोडलं. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथल्या रुग्णांनी स्वतःचं चर्च स्थापन केलं, सायलोआमा नावाचं. प्रॉटेस्टंट चर्च. आणि कोकुआ होते, त्यांचं काय?"

कोकुआ म्हणजे रुग्णाची देखभाल करायला आपणहून बरोबर गेलेले निरोगी नातेवाईक: नवरा, बायको, आई, मुलगी. हवाईच्या कुष्ठरोगाच्या इतिहासात या माणसांचं स्थान फार मोठं आहे, आणि मावशीच्या मसुद्यात ती नव्हती. भाचीने नाव घेतलं ते जोनाथन नापेला याचं. माउई बेटावरचा हा सुशिक्षित हवाईयन माणूस न्यायदानाचं काम केलेला होता, आणि मॉर्मन पंथाचा ग्रंथ हवाईयन भाषेत आणण्यात त्याचा मोठा वाटा होता. बायको किटी हिला कुष्ठरोग झाला म्हणून १८७३ साली तो तिच्याबरोबर वसाहतीत गेला. डेमियन गेले तेच हे वर्ष. दोघांची मैत्री जमली. पुढे नापेलालाही तोच रोग झाला, आणि १८७९ साली तो तिथेच वारला.

"तोच आजार, तीच जागा, आणि तोही आपल्या मर्जीने गेलेला," भाची म्हणाली. "मग एकाचा पुतळा अमेरिकेच्या संसदभवनात आणि दुसऱ्याचं नाव तुझ्या वहीतही नाही. असं का?"

मावशीने वही पुढे ओढून नापेलाचं नाव लिहून घेतलं. पण ती मागे हटली नाही. "तो बायकोसाठी गेला. ते मोठंच आहे, मी कमी म्हणत नाही. पण ज्यांच्याशी काही नातं नव्हतं त्यांच्यासाठी डेमियन गेले. वॉर्डात मी दोन्ही पाहिलंय. आईचे व्रण धुणारा मुलगा मी पाहिलाय, आणि तोच मुलगा शेजारच्या खाटेकडे पाठ करून बसलेलाही पाहिलाय."

भाचीने यावर लगेच काही उत्तर दिलं नाही, आणि द्यायला सोपंही नाही.

ही वसाहत होती त्या कलाउपापाची जागा डोळ्यांपुढे आणली तर पुढचं नीट कळतं. मोलोकाईच्या उत्तर किनाऱ्यावरून समुद्रात शिरलेला हा जमिनीचा सपाट तुकडा. तीन बाजूंना खवळता समुद्र, चौथ्या बाजूला सहाशे मीटरच्या आसपास उंचीचा सरळसोट कडा. राजा पाचवा कामेहामेहा याने १८६५ साली कुष्ठरोग्यांना वेगळं काढण्याच्या कायद्यावर सही केली, तेव्हा आरोग्य मंडळाचा हिशेब असा होता की रुग्ण इथे शेती करतील आणि आपलं आपण पिकवून खातील. ज्यांच्या हातापायांची बोटं झडत चालली आहेत त्यांनी जमीन कसायची होती. पहिली वस्ती पूर्वेकडच्या कलावाओला झाली. तिथे वारा आणि पाऊस जास्त, पाणी लांबून आणायचं, आणि कायम राहणारा डॉक्टर नाही.

बेल्जियममधल्या ट्रेमेलो गावच्या शेतकरी घरातून आलेले डेमियन त्या वेळी तेहेतीस वर्षांचे होते. मूळ नाव योसेफ डे व्हॉइस्टर. हवाईला खरं तर त्यांचे थोरले भाऊ जायचे होते. ते आजारी पडले म्हणून डेमियन यांनी वरिष्ठांकडे लकडा लावून त्यांची जागा मिळवली. १८६४ साली होनोलुलूत त्यांना पुरोहितपद मिळालं, आणि पुढची नऊ वर्षं त्यांनी मोठ्या बेटावरच्या डोंगराळ भागात काढली. मोलोकाईला चार फादरांनी आळीपाळीने जायचं ठरलं होतं. डेमियन पहिल्या पाळीला गेले आणि परतलेच नाहीत. सुरुवातीला त्यांनी चर्चशेजारच्या केतकीच्या जातीच्या एका झाडाखाली मुक्काम केला.

मावशीच्या भाषणाचा सर्वांत चांगला भाग इथून सुरू होतो, कारण ही कामं तिला हातांनी कळतात. डेमियन यांनी लाकूड मागवलं. आलं नाही तेव्हा परत मागवलं. झोपड्यांच्या जागी जमिनीपासून उंच उचललेली लाकडी घरं उभी करायला लावली. ओढ्याचं पाणी नळाने वस्तीपर्यंत आणायची खटपट केली आणि नळ टाकताना चालत्याफिरत्या रुग्णांना सोबत घेतलं. सेंट फिलोमिनाचं छोटं चर्च वाढवलं. अनाथ मुलामुलींसाठी घरं बांधली. शवपेट्या स्वतः ठोकल्या, खड्डे खणले. आणि रोज जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या.

"व्रण धुणं म्हणजे काय ते तुला माहीत नाही," मावशी म्हणाली. "आमच्याकडे पाय पाण्यात भिजवायचे, घट्टे खरवडायचे, वर तेल लावायचं, मग ड्रेसिंग. पुढे मऊ रबराच्या एमसीआर चपला आल्या. बधिर पायाला खिळा रुतलेला कळत नाही, म्हणून रोज तळवा बघावा लागतो. आमच्याकडे हातमोजे होते, औषध होतं, महिन्याला पगार होता. तरी नवीन आलेल्या पोरी पहिल्या आठवड्यात रडायच्या. त्या माणसाकडे यातलं काय होतं? आणि सोळा वर्षं!"

"मी त्यांचं काम नाकारत नाही," भाची म्हणाली. "पण काठी घेऊन वस्तीत फिरायचे ते सांगणार आहेस का? दारूची भांडी उलथून टाकायची, नाचगाणं उधळायचं, हेही त्यांनीच केलं. ज्यांना राज्याने घरादारातून उपटून इथे टाकलं, त्यांनी मरणाआधी नाचायचं की नाही हेसुद्धा बाहेरून आलेल्या गोऱ्या माणसाने ठरवायचं?"

आरोप खरा आहे. डेमियन तापट होते, हटवादी होते, मदतीला पाठवलेल्या फादरांशी त्यांचं पटत नसे. १८८६ साली लंडनच्या ह्यू चॅपमन या अँग्लिकन धर्मगुरूने वर्गणी गोळा करून त्यांना जवळजवळ हजार पौंड पाठवले, तर होनोलुलूतले त्यांचे स्वतःचेच वरिष्ठ या गाजावाजाने चिडले. डेमियन वारल्यावर चार महिन्यांच्या आत होनोलुलूचे प्रॉटेस्टंट धर्मगुरू चार्ल्स हाइड यांनी एका सहकाऱ्याला पत्र लिहिलं. त्यात डेमियन गलिच्छ, हेकट आणि संकुचित असल्याचं म्हटलं, वसाहतीतल्या सुधारणांचं श्रेय आरोग्य मंडळाला दिलं, आणि त्यांच्या चारित्र्यावरही शिंतोडे उडवले. पत्र छापलं गेलं. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा कादंबरीकार डेमियन यांच्या मृत्यूनंतर सुमारे पाच आठवड्यांनी कलाउपापाला जाऊन राहून आला होता. तो स्वतः प्रेसबिटेरियन. १८९० च्या फेब्रुवारीत सिडनीहून त्याने हाइड यांना उघडं पत्र लिहिलं. त्यात त्याने डेमियन यांचे बरेचसे दोष मान्य केले, आणि ते दोष असलेला माणूस तिथे गेला तेव्हा तुम्ही होनोलुलूतल्या आपल्या प्रशस्त घरात होता, एवढी गोष्ट हाइड यांच्यासमोर ठेवली.

हाइड यांनी लावलेल्या विशेषणांपैकी हेकटपणाचं विशेषण डेमियन यांच्या चरित्रकारांनी लाजून झाकायला नको होतं. आरोग्य मंडळाने लाकूड, नळ, कपडे दिले हे खरं. पण ते कुणीतरी मागत राहिल्याशिवाय आले नाहीत. समजूतदार, वरिष्ठांचं ऐकणारा फादर गेला असता तर पाळी संपल्यावर परतला असता. डेमियन यांना हुतात्मा म्हणून पाहण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यांच्या हातातली करवत दिसत नाही, आणि वरिष्ठांना लिहिलेल्या तक्रारींचा ढीगही दिसत नाही.

ही बाजू मावशीला पटली, पण तिची स्वतःची तक्रार वेगळीच निघाली. ती भाचीला अपेक्षित नव्हती.

"मला परिचारिका म्हणून विचारशील तर मी डेमियन यांना वॉर्डात ठेवलं नसतं," मावशी म्हणाली. "रुग्णांबरोबर पोईच्या, म्हणजे त्यांच्या अळकुडीच्या लगद्याच्या, एकाच भांड्यात बोटं घालायची, आपला पाइप त्यांना ओढायला द्यायचा, पट्ट्या बांधून झाल्यावर हात धुतले न धुतले. हे प्रेम आहे, पण ही शुश्रूषा नाही. मदर मॅरियन बघ."

मॅरियन कोप यांचा जन्म जर्मनीतला, वाढल्या अमेरिकेत. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूस इथल्या फ्रान्सिस्कन सिस्टरांच्या त्या प्रमुख होत्या आणि रुग्णालय चालवण्याचा त्यांना चांगला अनुभव होता. हवाईच्या सरकारने पन्नासहून अधिक धर्मसंघांकडे मदत मागितली होती, होकार मॅरियन यांनी दिला. १८८३ साली त्या होनोलुलूला आल्या, १८८८ च्या नोव्हेंबरात दोन सिस्टरांसह कलाउपापाला. हात धुण्याचे त्यांचे नियम कडक होते, आणि आपल्यापैकी कुणालाही हा रोग होणार नाही असं त्यांनी सिस्टरांना सांगितलं होतं. तसंच झालं. १९१८ साली वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्या कलाउपापालाच वारल्या, कुष्ठरोग न होता. त्या २०१२ साली संत झाल्या, डेमियन यांच्यानंतर तीन वर्षांनी.

"तीस वर्षं!" मावशी म्हणाली. "मुलींना शिवण शिकवलं, बागा लावल्या, रंगीत कपडे शिवून दिले. पण त्यांच्यावर सिनेमे निघत नाहीत. रोग झाला नाही ना."

भाचीने इथे मावशीला अडवलं, आणि नवल म्हणजे डेमियन यांच्या बाजूने. "पण मावशी, ते एका भांड्यात जेवले याचा अर्थ तू फक्त जंतूंच्या हिशेबात लावतेस. कायद्याने त्या माणसांना कुणी शिवायचं नाही असं ठरवलं होतं. बिशप आले तरी डेमियन यांना जपून वागायला सांगत. अशा जागी कुणी आपल्या भांड्यात हात घातला, तर त्या माणसाला काय वाटलं असेल? आणि रोग व्हायच्या कितीतरी आधी, १८७३ सालीच, त्यांनी भावाला लिहिलंय की प्रवचनात मी 'आपण कुष्ठरोगी' असंच म्हणतो."

"म्हणजे आता तू त्यांची वकील झालीस."

"मी कायद्याच्या विरोधात आहे. तो मोडणाऱ्याच्या विरोधात कशाला असेन?"

रोगाची खात्री झाली ती १८८४-८५ मध्ये. पाय उकळत्या पाण्यात पडला आणि वेदना झाली नाही, ही गोष्ट प्रत्येक चरित्रात आहे. तपासणाऱ्यांत एडुआर्ड आर्निंग हा जर्मन डॉक्टर होता, आणि त्याचं नाव निघताच मावशीने वहीतलं शेवटचं पान काढलं.

भाचीचा एक जुना मुद्दा असा होता की अशा जागी संत नको, विज्ञान हवं होतं. त्यावर मावशीने कीआनूची हकिकत वाचून दाखवली. कीआनू हा खुनाच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा झालेला हवाईयन माणूस. १८८४ साली आर्निंगने त्याच्यापुढे पर्याय ठेवला: कुष्ठरोगाची गाठ हातात रोवून घेतलीस तर फाशीऐवजी जन्मठेप. तो तयार झाला. चारेक वर्षांत त्याच्या अंगावर रोग दिसू लागला. मग त्यालाही कलाउपापाला पाठवलं आणि १८९२ साली तो तिथे मेला. पुढे कळलं की त्याच्या नातेवाइकांतही हा रोग होता, म्हणजे प्रयोगातून काहीच सिद्ध झालं नाही. नॉर्वेत गेरहार्ड आर्मोअर हॅनसेन यांनी या रोगाचा जंतू शोधला तोही १८७३ सालीच. आणि याच हॅनसेन यांनी परवानगी न घेता एका बाईच्या डोळ्यात रोगाचं द्रव्य टोचलं म्हणून १८८० साली कोर्टाने त्यांचं रुग्णालयातलं पद काढून घेतलं.

"हे तुझं विज्ञान," मावशी म्हणाली.

"हे विज्ञान नव्हे, ही माणसाला सामान समजण्याची वृत्ती," भाची म्हणाली. "आणि ती कायद्यातूनच येते. ज्याला हक्क नाहीत त्याच्या हातात काहीही रोवता येतं. हॅनसेनना निदान कोर्टात तरी उभं राहावं लागलं. आर्निंगला कुणी विचारलं? म्हणून सांगते, संताची गोष्ट ऐकताना लोक रडतात, पैसे पाठवतात आणि कायदा तसाच राहतो."

हा मुद्दा हवाईपुरता राहत नाही, तो थेट आपल्याकडे येतो. डेमियन यांच्या मृत्यूची बातमी इंग्लंडात पोहोचली आणि खळबळ उडाली. प्रिन्स ऑफ वेल्सच्या पुढाकाराने लंडनमध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग निधी उभा राहिला, आणि त्या निधीने १८९०-९१ मध्ये भारतात एक चौकशी आयोग पाठवला. आयोग देशभर हिंडला. त्याचा निष्कर्ष असा निघाला की हा रोग फारसा संसर्गजन्य नाही, सक्तीने वेगळं ठेवण्याची गरज नाही. लंडनच्या समितीतल्या बड्या मंडळींना तो रुचला नाही. १८९८ साली हिंदुस्थान सरकारने कायदा केलाच, भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्यांना पकडून आश्रमात डांबण्याचा.

मुंबईत त्याच्याही आधी, १८९० साली, पालिका आयुक्त हॅरी अ‍ॅक्वर्थ यांनी माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम काढला होता. वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ रुग्णालय ते हेच. मराठी पोवाड्यांच्या अभ्यासकांना हे नाव ओळखीचं असेल. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर ऐतिहासिक पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह ज्यांनी केला तेच हे अ‍ॅक्वर्थ.

"१८९८ चा कायदा देशातून पूर्ण गेला तो २०१६ साली," भाची म्हणाली. "आणि २०१९ पर्यंत कुष्ठरोग हे आपल्याकडे घटस्फोटाचं कारण होतं. हिंदूंच्या कायद्यात होतं, आणि आपल्या ख्रिस्ती लोकांच्या कायद्यातसुद्धा. गोळ्यांनी रोग बरा होतो हे १९८१ पासून जगाला माहीत आहे. तरी इतकी वर्षं. डेमियन यांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लावणाऱ्या किती जणांना हे ठाऊक होतं?"

मावशी काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "एमडीटीची, म्हणजे अनेक औषधं एकत्र द्यायची, पाकिटं आली तेव्हा मी ड्युटीवर होते. आधी नुसतं डॅप्सोन, वर्षानुवर्षं, काहींना जन्मभर. मग सहा महिने, वर्ष, आणि बाई मोकळी. कागदावर 'बरी झाली' लिहून आम्ही घरी पाठवायचो. कितीजणी परत आल्या! घरच्यांनी घेतलं नाही. तुझा कायदा बदलला असता तरी त्या परत आल्या असत्या."

"कदाचित. पण नवऱ्याला कोर्टात जाऊन तिला कायदेशीर सोडता आलं नसतं."

हे दोन्ही खरं आहे, आणि दोघी आपापल्या जागी ठाम राहिल्या.

पुतळ्याचा विषय भाचीनेच काढला होता. तो तिच्याच अंगावर उलटला. डेमियन यांचा मारिसोल यांनी घडवलेला पुतळा १९६९ पासून वॉशिंग्टनच्या संसदभवनात आहे. २०२० साली काँग्रेस सदस्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ यांनी प्रश्न केला होता की हवाईचं प्रतिनिधित्व करायला राणी लिलिउओकलानी का नाही, हा गोरा मिशनरी का. भाचीला हा प्रश्न रास्त वाटतो. मावशीने तिला आठवण करून दिली की १८८१ साली याच लिलिउओकलानी राज्याच्या प्रतिनिधी म्हणून कलाउपापाला गेल्या होत्या, तिथलं दुःख पाहून त्यांना बोलवेना, आणि परतल्यावर डेमियन यांना राज्याचा सन्मान मिळाला तो त्यांच्याच पुढाकाराने. पुतळ्यासाठी नाव निवडलं तेही हवाईच्याच विधिमंडळाने.

"पण शरीर?" भाची म्हणाली. "१९३६ साली बेल्जियमने ते मागून नेलं. कलाउपापाच्या रुग्णांना ते नको होतं. त्यांचा माणूस त्यांच्यात पुरलेला होता. १९९५ साली परत काय आलं, तर एक उजवा हात."

इथे मावशीने वाद घातला नाही.

राहिला अ‍ॅम्ब्रोझ हचिसन. १८७९ साली रुग्ण म्हणून आलेला हा अर्धा हवाईयन तरुण पुढे बरीच वर्षं वसाहतीचा प्रमुख होता. पन्नासहून अधिक वर्षं तिथे जगला आणि १९३२ साली वारला. डेमियन यांच्याबरोबर त्याने काम केलं, त्यांच्याशी भांडलाही, आणि म्हातारपणी त्यांच्या आठवणी लिहायला घेतल्या. भाचीचं म्हणणं, भाषण याच्यापासून सुरू कर: संताकडे रुग्णाच्या नजरेतून बघ, उलट नको. मावशीचं म्हणणं, मुलं पंधरा-सोळा वर्षांची आहेत, आधी त्यांना लाकूड, नळ आणि जखमा कळू देत, मग हचिसन. नापेला आणि किटी दोघींनाही हवे आहेत. मॅरियन कोप यांच्यासाठी मावशीने अख्खं पान राखलं आहे. कीआनूबद्दल मात्र एकमत होत नाही. सणाच्या दिवशी, चर्चच्या सभागृहात, फाशीच्या कैद्यावरच्या प्रयोगाची हकिकत सांगावी की नाही, असा मावशीपुढे प्रश्न आहे. तोही त्याच मातीत पुरलाय, डेमियन यांच्याच वसाहतीत, असं भाची म्हणते, आणि वेळ कमी पडली तर पुतळा गाळ, त्याला गाळू नकोस, असा तिचा आग्रह आहे.